ढग उठेपर्यंत

आमच्या शाळेच्या ओसरीवर, सूचनाफलकाच्या शेजारी, एक मोठे छायाचित्र टांगलेले आहे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. खाली कोकणात ढगांचा पूर आलेला, मध्येच तो फाटून आत हिरवे रान दिसते आहे, आणि कड्याची ती प्रचंड अर्धगोल कमान उन्हाच्या एका तिरिपेत उजळून निघाली आहे. शाळेत कोणी पाहुणा आला की तो या चित्रापुढे घटकाभर थांबतो. मुख्याध्यापक म्हणतात, “आमच्या मास्तरांनी काढलंय.” मी नम्रपणे मान खाली घालतो. अशा वेळी मान खाली घालण्यातले सुख ज्याने अनुभवले आहे, त्याला अधिक सांगायला नको.

गेल्या वर्षी पाचवीतल्या एका पोराने माझे हे सुख घालवले. मधल्या सुट्टीत तो चित्राला नाक लावून उभा होता. मला पाहताच म्हणाला,

“गुरुजी, ह्या कोपऱ्यात काळं काय आहे?”

“घोंगडी आहे ती.”

“कुणाची?”

मी तोंड उघडले आणि तसाच उभा राहिलो. घोंगडी कोणाची ते मला पक्के ठाऊक होते. भाद्रपद संपत आलेला, अकरा पोरे बरोबर, आणि पाचनईहून गड चढताना कॅमेऱ्याची पिशवी व तिपाई वाहायला आम्ही गावातलाच एक म्हातारा घेतला होता. कड्यावर पोचलो तर समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काही नाही. मी परतायला निघालो, तेव्हा तोच म्हणाला होता, “थांबा गुरुजी, ढग उठंल.” आम्ही तीन तास थांबलो. वारा असा की तिपाई उभी राहीना. म्हाताऱ्याने खांद्यावरची घोंगडी सोडली, दोन्ही हातांनी ताणून वाऱ्याच्या तोंडाला धरली आणि तो स्वतः गारठत तसाच उभा राहिला. अखेर ढग उठला. मोजून चार मिनिटे! त्या चार मिनिटांत मी काढलेल्या सात चित्रांपैकी एक ओसरीवर आहे. त्याच्या डाव्या कोपऱ्यात घोंगडीचे टोक आले आहे.

पण म्हाताऱ्याचे नाव? ते मी विचारलेच नव्हते. सबंध दिवस ‘मामा, मामा’ म्हणून हाक मारली होती, संध्याकाळी ठरलेले पैसे दिले होते, चहा पाजला होता. नाव विचारायचे सुचले नाही.

मुलाला मी काहीतरी सांगून वाटेला लावले. मनाला मात्र रुखरुख लागून राहिली. डोंगराची चित्रे काढणारी माणसे पूर्वी कशी थांबत असतील, कोणाच्या जिवावर थांबत असतील, असे मनात येऊन मी जुनी पुस्तके धुंडाळू लागलो. मी इतिहासाचा पंडित नव्हे. मराठी शाळेतला मास्तर आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. पण या वाचनात मला जो माणूस भेटला, तो कादंबरीकारालाही सहज सुचू नये असा आहे.

त्याचे नाव सॅम्युएल बोर्न. जन्म १८३४, इंग्लंडातला. नॉटिंगहॅम शहरी एका पेढीत तो कारकून होता. दिवसा खतावण्या लिहाव्या आणि सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन डोंगरतळी हिंडावे, हा त्याचा छंद. पुढे छंदाने नोकरीवर मात केली. १८६३ च्या आरंभी तो कलकत्त्याला उतरला आणि तेथून सिमल्यास गेला. आधी हॉवर्ड या छायाचित्रकाराशी भागीदारी झाली, मग चार्ल्स शेफर्ड येऊन मिळाला, आणि पुढे ‘बोर्न अँड शेफर्ड’ या नावाने जी पेढी प्रसिद्धीस आली, तिच्या चित्रांचे जाडजूड आल्बम हिंदुस्थानातल्या साहेबलोकांच्या दिवाणखान्यांत आणि संस्थानिकांच्या वाड्यांत जाऊन बसले.

आपल्याकडे तोवर ही विद्या नवी राहिली नव्हती. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालीच निघाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्यातले नावाजलेले छायाचित्रकार होते. पण शहरात, छपराखाली, खुर्चीवर बसलेल्या माणसाचे चित्र काढणे वेगळे आणि पंधरा हजार फुटांवर, उद्याचा भरवसा नसलेल्या आभाळाखाली, पर्वताचे चित्र काढणे वेगळे.

किती वेगळे, ते समजण्यासाठी त्या काळची रीत जाणून घेतली पाहिजे. आज आमच्या गृहिणी खिशातल्या फोनने चकल्यांचे चित्र काढतात ते चकल्या निवण्याच्या आत बहिणीला पोचते. बोर्नच्या काळी फिल्म नव्हती. चित्र निघे ते काचेवर, आणि ती काच दुकानातून तयार आणता येत नसे. प्रत्येक चित्रासाठी जागच्या जागी तयार करावी लागे. स्फोटक कापूस ईथर आणि मद्यार्कात विरघळवून त्याचा चिकट द्रव करायचा. याला कोलोडियन म्हणत. स्वच्छ पुसलेल्या काचेवर हा द्रव ओतून, तव्यावर धिरड्याचे पीठ फिरवावे तसा काच कलती करून चारी कोपऱ्यांना पोचवायचा. कोठे जाड, कोठे पातळ झाला की चित्र फुकट. मग काळोखात ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात काही मिनिटे बुडवायची. तेथून निथळती काच बंद चौकटीत घालून कॅमेऱ्याकडे धावायचे, चित्र घ्यायचे, पुन्हा काळोखात धावत येऊन औषधाने ते उमटवायचे, पक्के करायचे आणि धुवायचे. हा सारा संसार काच ओली आहे तोवर, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, उरकला पाहिजे. काच वाळली की संपले.

शिवाय ‘काळोख’ म्हणजे काय? डोंगरावर काळोखी खोली कोठून आणायची? बोर्न ती बरोबर नेई. छत्रीसारखा उघडमीट होणारा, सुमारे दहा फूट उंचीचा एक तंबूच त्याने करून घेतला होता. कॅमेरे, भिंगे, शेकडो काचा, औषधांच्या बाटल्या, त्याचे स्वतःचे खाणेपिणे, बिछाना हे सारे माणसांच्या पाठीवरून जायचे. १८६३ च्या पहिल्या सफरीत त्याच्याबरोबर तीसएक हमाल होते. पुढल्या वर्षी ते चाळिसांवर गेले. एका माणसाने आभाळाकडे पाहत थांबायचे, तर चाळीस माणसांनी ओझी उतरून त्याच्याबरोबर थांबायचे. हा हिशेब वाचकांनी मनात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता आभाळाची गोष्ट. डोंगरातले हवामान लहरी असते असे आपण म्हणतो, पण त्या लहरीलाही एक रीत असते. पहाटे खोऱ्यातली हवा निवलेली, जड आणि निश्चल असते. सूर्य वर आला की उतार तापतात, तापलेली हवा उताराला धरून वर चढते, बरोबर बाष्प नेते, आणि दुपार होते न होते तोच शिखरांच्या गळ्यात ढगांचे मफलर पडतात. म्हणून पर्वताचे चित्र काढणारा माणूस पहाटेचा माणूस असतो. बोर्नला तर दुहेरी घाई. वारा सुटला की झाडांची पाने हलत, आणि काचेवर चित्र उमटायला काही सेकंदांपासून मिनिटभरही लागे. तेवढ्यात देवदाराची फांदी हलली की चित्रात नुसता धुरळा दिसे.

त्यात त्या काचेचा एक विलक्षण दोष होता. तिला निळा रंग फार लवकर दिसे आणि हिरवा, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे दरीतले काळे देवदार उमटेपर्यंत थांबावे तर तोवर आभाळ आणि हिमशिखर पांढऱ्या कागदासारखे कोरे होऊन जाई. शिखर सांभाळावे तर दरी काजळासारखी काळी. डोळ्यांना दिसणारे सुंदर ढग काचेवर बहुधा यायचेच नाहीत. कित्येक छायाचित्रकार ढगांची वेगळी काच बाळगून छापताना ते वरून चिकटवीत! तेव्हा बोर्नला हवे असायचे ते निरभ्र आणि निर्वात आभाळ नव्हे फक्त. त्याला हवा असायचा असा मऊ उजेड, की ज्यात बर्फ आणि झाड दोघांनीही एकाच वेळी थोडे थोडे नमते घ्यावे. असा क्षण डोंगरात दिवसाकाठी एखादा येतो. आठवडाभर येतही नाही.

आणि हा माणूस निघाला केव्हा, तर ऐन पावसाळ्यात! १८६३ च्या २९ जुलैला त्याने सिमला सोडले. वाचताना मला प्रथम हसू आले. आषाढ-श्रावणात कॅमेरा घेऊन डोंगरात जाणारा शहाणा म्हणावा की काय? पण नकाशा पुढे ओढला तेव्हा उलगडा झाला. महाबळेश्वरी धो धो पाऊस कोसळत असतो आणि घाट उतरून वाईला आले तर अंगण कोरडे, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. हिमालयातही तसेच आहे, फक्त मोठ्या मापाने. पावसाचे ढग पुढच्या रांगांवर रिकामे होतात. सतलजच्या काठाने आत आत जावे तसा पाऊस विरळ होत जातो, आणि किन्नोर, लाहौल, स्पिती हा मुलूख पावसाच्या पडछायेत येतो. शिवाय उंचावरच्या खिंडी बर्फातून मोकळ्या होतात त्या याच दोन-तीन महिन्यांत. म्हणजे एका बाजूने पाऊस ढकलतो आहे, दुसऱ्या बाजूने बर्फ वाट पाहते आहे, आणि मधल्या चिंचोळ्या फटीत हा नॉटिंगहॅमचा कारकून तीस माणसांनिशी शिरला आहे.

सतलजच्या खोऱ्यातून तो चिनी गावाकडे गेला. हेच आजचे कल्पा. समोर किन्नर-कैलासाची रांग उभी असलेले. या सफरीत तारी नावाची पंधरा हजार फुटांहून उंच खिंड त्याने गाठली आणि तेथे काच तयार करायला बसला. ढगांची आणि हिमकणांची ये-जा चालू होती. थंडीने बोटे अशी बधिर झाली की बाटलीचे बूच निघेना. चांदीच्या पाण्यात हात घालायचा, बर्फाच्या पाण्याने काच धुवायची, आणि हे सारे श्वास पुरत नाही अशा जागी. तरीही चित्र निघाले. १२ ऑक्टोबरला तो सिमल्यास परतला तेव्हा त्याच्या पेट्यांत १४७ काचा होत्या. दहा-अकरा आठवड्यांत १४७. म्हणजे सरासरी दिवसाला दोन. आज पोरे एका मिनिटात याहून अधिक काढतात. असो.

या सफरींची हकीकत त्याने इंग्लंडातल्या ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’ या नियतकालिकात लिहून छापली आहे. माणूस लिहितो मनमोकळे. गंमत अशी की ज्या हिमालयासाठी एवढा जीव टाकला, त्याच्याबद्दल त्याची तक्रारच फार. त्याच्या डोळ्यांत इंग्लंडातली तळी आणि हिरव्या टेकड्या बसलेल्या. हिमालय त्याला अवाढव्य वाटे, चौकटीत न मावणारा, ओबडधोबड. कोठे शांत पाणी नाही, त्यात पडलेले प्रतिबिंब नाही. १८६४ साली तो नऊ महिने कांगडा, चंबा आणि काश्मीर हिंडला, तेव्हा तेथल्या जलाशयांच्या काठी त्याचा जीव जरा रमला.

याच लिखाणात मला ती गोष्ट सापडली, जिने माझी झोप उडवली. वाटेत हमाल पळून जात. का पळणार नाहीत? पीक कापणीला आलेले, घरी बायकापोरे वाट पाहत असलेली, आणि येथे साहेबाच्या काचा पाठीवर घेऊन बर्फाच्या खिंडी चढायच्या, ढग उठेपर्यंत कुडकुडत बसायचे. एकदा असे हमाल ओझी टाकून गेले तेव्हा बोर्न काठी घेऊन त्यांच्या पाठीवर निघाला, घराघरांतून त्यांना शोधून बाहेर काढले आणि काठीचा प्रसाद देऊन पुन्हा कामाला जुंपले. हे दुसऱ्या कोणी त्याच्यावर केलेले आरोप नव्हेत. त्याने स्वतःच, जसे आपण बैल आवरल्याचे सांगावे तसे, सांगितले आहे. वाचकांना त्यात काही गैर वाटेल अशी त्याला शंकाही आलेली दिसत नाही.

या लिखाणात खिंडींची नावे आहेत, त्यांच्या उंचीचे आकडे आहेत, औषधांची प्रमाणे आहेत. हमालांची नावे नाहीत.

नावे कोठे असत, ते मला नंतर कळले. डोंगरी मुलखात त्या काळी बेगारीची वहिवाट होती. सरकारी माणूस वा साहेब आला की गावाने माणसे पुरवायची. मजुरी मिळाली तर मिळाली. इंग्रजी अमलाखालच्या कुमाऊँ प्रांतात यासाठी गावोगाव नोंदवह्या ठेवलेल्या असत, आणि त्यांत माणसांची नावे लिहिलेली असत. नाव आहे म्हणजे पाळी आहे. १९२१ सालच्या मकरसंक्रांतीला बागेश्वर येथे सरयूच्या काठी हजारो लोक जमले. बद्रीदत्त पांडे आदी पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून लोकांनी यापुढे बेगार करणार नाही अशी शपथ घेतली आणि त्या नोंदवह्या सरयूच्या पात्रात फेकून दिल्या. बोर्न फिरला तो मुलूख वेगळा, काळही साठ वर्षे आधीचा. पण मला ते चित्र फार बोलके वाटले. डोंगरातल्या माणसाचे नाव कागदावर आले ते त्याच्या पाठीवर ओझे देण्यासाठी. आणि सुटायचे तर त्याला स्वतःचेच नाव नदीत बुडवावे लागले.

१८६६ च्या ३ जुलैला बोर्न तिसऱ्या आणि शेवटच्या सफरीवर निघाला. आता त्याला गंगेचा उगम काचेवर आणायचा होता. कुलू, लाहौल, कुंझुम खिंड, स्पिती अशी लांबची वाट त्याने धरली. बरोबर डॉ. प्लेफेअर नावाचे गृहस्थ अर्ध्या वाटेपर्यंत होते. स्पितीतून मणिरंग खिंडीवर तो चढला. त्याच्या हिशेबाने ती १८,६०० फूट. तेथे त्याने तीन काचा घेतल्या. तीनच! एवढ्या उंचीवर त्याआधी कोणी चित्र काढले नव्हते, आणि पुढे सुमारे वीस वर्षे कोणी त्याहून उंच जाऊन काढले नाही. प्लेफेअर सिमल्याला परतले. बोर्न बास्पाच्या खोऱ्यातून नीला खिंड ओलांडून गंगोत्रीच्या बाजूला उतरला आणि हिमनदीच्या तोंडाशी, जेथे बर्फाच्या गुहेतून भागीरथी बाहेर पडते त्या गोमुखापुढे, त्याने आपली तिपाई रोवली. नाताळच्या सुमारास तो घरी आला. १८७० च्या अखेरीस त्याने हिंदुस्थान सोडला. नॉटिंगहॅमला जाऊन सुताचा कारखाना काढला, सुखाने संसार केला आणि १९१२ मध्ये वारला. मागे दोन हजारांहून अधिक काचा ठेवून गेला.

त्याच्यानंतर तेहतीस वर्षांनी, १८९९ साली, हिमालयाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक असाच माणूस आला. व्हित्तोरियो सेल्ला, इटलीचा. याच्या घरातच ही विद्या होती. बापाने छायाचित्रणावर ग्रंथ लिहिलेला, चुलता इटलीच्या गिर्यारोहण संस्थेचा संस्थापक. सेल्लाच्या वेळेपर्यंत काच तयार मिळू लागली होती. १८७१ मध्ये मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची युक्ती काढली होती, आणि त्यामुळे काळोखी तंबूचा जाच सुटला. ओझे मात्र काचेचेच राहिले, आणि आभाळही पूर्वीचेच.

फ्रेशफील्ड या इंग्रज गिर्यारोहकाच्या तुकडीबरोबर सेल्ला सप्टेंबरात दार्जिलिंगहून निघाला. कांचनजंगेला पुरी प्रदक्षिणा घालायचा त्यांचा बेत होता. झेमू हिमनदीवर पोचतात तोच सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भयंकर वादळ आले. वर ते हिम होऊन पडले, खाली दार्जिलिंगला पाऊस होऊन कोसळले. तेथे दरडी खचून सत्तरांहून अधिक माणसे गेली. तुकडीतल्या गिर्यारोहकांच्या दृष्टीने सारा बेत फसला. गुडघा गुडघा बर्फात कोणते शिखर चढणार? पण वादळ ओसरले, ढग उठले, आणि सेल्लाच्या डोळ्यांपुढे असा देखावा उभा राहिला की जो वादळ न येते तर कोणाला दिसलाच नसता. काळ्या कड्यांवर ताजे हिम बसलेले, प्रत्येक धार रेखून काढल्यासारखी, आणि धुतलेल्या हवेत मैलोगणती दूरची शिखरे हाताशी आलेली. सिनिओल्चू या शिखराचे त्याने काढलेले चित्र आजही पाहणाऱ्याला मुके करते. पुढे गिर्यारोहकांच्या पिढ्यांनी त्याची चित्रे समोर ठेवून वाटा शोधल्या.

त्या तुकडीत एक माणूस होता रिन्झिन नामग्याल. सर्वेक्षण खात्यातला, त्याच डोंगरांतला. १८८० नंतरच्या दशकात तो या पर्वताभोवती आधीच फिरून आला होता. साहेबांना वीस हजार फुटांवरच्या जोन्सोंग खिंडीची वाट ठाऊक असलेला तुकडीत तोच. त्याचे नाव आज इतिहासात आहे. का आहे? तो नकाशा काढी म्हणून. त्याच्या मागून पेट्या वाहणारे जे होते, तेही त्याच बर्फातून, त्याच खिंडीतून गेले. त्यांची पाटी कोरी.

हे वाचून कोणी म्हणेल, मास्तर, जुनी उणीदुणी काढून काय मिळवायचे? चित्रे सुंदर आहेत, ती पाहावी आणि समाधान मानावे. मीही पुष्कळ दिवस तसेच म्हणत होतो. बोर्नला मी खलपुरुष ठरवू इच्छीत नाही. त्याच्या जिद्दीला माझा नमस्कार आहे. त्या थंडीत मी एक काचही पुसू शकलो नसतो. आणि त्याच्या थांबण्याचे मोल तर दिवसेंदिवस वाढतेच आहे. गोमुखापुढे त्याने १८६६ मध्ये रोवलेल्या तिपाईच्या जागी आज कोणी उभा राहिला, तर त्याला ते बर्फ दिसणार नाही. गंगोत्रीची हिमनदी मागे सरते आहे. १९३५ ते १९९६ या काळातच तिचे तोंड किलोमीटरभराहून अधिक मागे गेल्याचे भूवैज्ञानिकांनी मोजले आहे. पूर्वी बर्फ कोठवर होते, याचा साक्षीदार म्हणून बोर्नची काच आता शास्त्रज्ञांपुढे उभी राहते. साहेबाने ते चित्र विकण्यासाठी काढले होते. पण पुढे ते असे कामी आले.

परंतु साक्षीदार जितका मोठा, तितके त्याला तेथवर कोणी नेले हे विचारणे अधिक अगत्याचे. ती काच सिमल्याहून निघून कुंझुम, मणिरंग, नीला अशा तीन खिंडी माणसाच्या पाठीवरून ओलांडून, न तडकता, गोमुखापर्यंत गेली आणि न तडकता परत आली. तिला मळण्यापासून जपले ते साहेबाच्या बोटांनी. फुटण्यापासून जपले ते कोणाच्या तरी पावलांनी. निसरड्या दगडावर ती पावले एकदा जरी चुकती, तर आज शास्त्रज्ञांपुढे काही नसते. ढग उठेपर्यंत थांबण्याचे श्रेय आपण कॅमेऱ्यामागच्या एकट्या माणसाला देतो. खरे पाहता थांबले होते सारे गावच.

बोर्नच्या नावाची ती कलकत्त्याची पेढी दीडशे वर्षे टिकली. १९९१ मध्ये तिला आग लागली आणि जुना ठेवा बराच जळाला. जून २०१६ मध्ये दुकान कायमचे बंद झाले. साहेबाच्या काचांचीही शेवटी ही गत, तर हमालांच्या नावांची कथा ती काय? ती आता कोणालाही सापडायची नाहीत. बोर्नने एक ओळ लिहिली असती तर सापडली असती.

माझ्या म्हाताऱ्याचे नाव मात्र अजून सापडण्यासारखे होते. मागल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एकटाच पाचनईला गेलो. छायाचित्राची एक प्रत बरोबर होती. गावात चौकशी केली तर कळले, म्हातारा लेकीकडे भाताच्या कापणीला गेला आहे, खाली पलीकडच्या वाडीत. दोन तास चालून तेथे पोचलो. तो खळ्यावर बसला होता. मला त्याने ओळखले.

“गुरुजी, तवा ढग उठला का न्हाई?”

मी चित्र त्याच्या हातात दिले. त्याने ते लांब धरून पाहिले. कड्याकडे त्याचे फारसे लक्ष गेले नाही; तो कडा तो जन्मभर पाहत आला आहे. पण कोपऱ्यात नजर गेली आणि तो हसला. लेकीला हाक मारून म्हणाला, “अगं, घोंगडी बघ आपली! ही कशी हितं आली?”

“मामा,” मी म्हटले, “त्या दिवशी तुमचं नाव विचारायचं राहिलं.”

“नाव कशापायी? पैसं तर दिलं व्हतं तुमी.”

त्याला समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. शाळेतल्या पोराने विचारले म्हटल्यावर त्याने सांगितले. पाटीवर लिहावे तसे, आधी स्वतःचे, मग बापाचे, मग गावाचे. मी वहीत उतरून घेतले आणि त्याला वाचून दाखवले. मासिकात छापू का, असे विचारले तेव्हा मात्र त्याने मान हलवली. “पोरांना सांगा. लांब कुठं नको.” म्हणून ते नाव मी येथे लिहीत नाही. बेगारीच्या वह्यांची गोष्ट वाचल्यापासून, आपले नाव कोठे लिहिले जावे हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला असतो, एवढे मी शिकलो आहे.

शाळा उघडल्यावर चित्र खाली उतरवले, चौकटीतून काढले आणि तळाच्या पांढऱ्या पट्टीवर काळ्या शाईने दोन नावे लिहिली. आधी त्याचे, मग माझे. पाचवीतला तो पोरगा आता सहावीत गेला आहे. त्याने येऊन वाचले आणि विचारले,

“गुरुजी, आता ते कुठं असतात?”

“आत्ता भात झोडपत असतील,” मी म्हणालो. मान खाली न घालता.